नागपुरात ठेवलेली माझी ग्रंथी

फोन आला तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात बसून चौथीच्या वह्या तपासत होते. खिचडीची पंगत नुकतीच उठली होती, पोरं हातपंपावर ताटल्या धूत होती, आणि त्या खणखणाटात पलीकडच्या मुलीचं पहिलं वाक्य मला ऐकूच आलं नाही. मी उठून चिंचेकडे गेले. मुलगी तरुण वाटत होती, बोलणं पुण्याकडचं. नागपूरच्या डॉक्टरांनी माझा नंबर दिला असं म्हणाली. मागच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी "एक जण तुम्हाला फोन करेल, चालेल ना?" असं विचारलं होतं, ते मला आठवलं.

"मॅडम, ऑपरेशनच्या वेळी तुम्ही संशोधनासाठी ऊती दिल्या होत्या. त्यातल्या पेशी आमच्याकडे अजून चांगल्या आहेत."

"चांगल्या आहेत म्हणजे?"

"म्हणजे जिवंत आहेत."

मी "बरं" म्हणाले. ती म्हणाली, पुढच्या तपासणीला याल तेव्हा तासभर जास्त काढा, आम्हाला तुम्हाला काही दाखवायचं आहे आणि एक विनंती पण आहे. मी पुन्हा "बरं" म्हणाले आणि वर्गात गेले. त्या दिवशी मी दोन मुलांच्या वह्यांवर एकमेकांचे शेरे लिहिले.

हे समजायला आधीचं सांगावं लागेल. चार-पाच वर्षांपूर्वी मी फुगायला लागले. तोंड गोल आणि लाल झालं, पोट सुटलं, मानेच्या मागे मांसाचा उंचवटा आला, आणि हातपाय मात्र काटक्यांसारखे झाले. जरा कुठे लागलं की जांभळा डाग. फळ्यावर लिहिताना हात वर राहीना. जमिनीवर मुलांसोबत बसले की उठताना खुर्ची धरावी लागे. बीपी निघालं, मग शुगर निघाली. आमच्या आमगावात जो भेटेल तो म्हणे, मॅडम, तब्येत सुधारली तुमची. गोंदियाच्या एका डॉक्टरांनी मला भात बंद करायला सांगितला. आमच्या भागात माणसाला भात बंद करणं म्हणजे काय, ते इथल्याच माणसाला कळेल. मी तोही केला. वजन वाढतच राहिलं.

शरीरापेक्षा स्वभावाचं जास्त वाईट होतं. एकदा मी एका लहान मुलीवर पेन्सिल हरवली म्हणून इतकी ओरडले की शेजारच्या वर्गातून गुरुजी धावत आले, आणि मग पुढचा सगळा तास मीच रडत बसले. रागावणारी ती बाई मीच होते की कोणी दुसरी, हे मला तेव्हाही कळत नव्हतं, आताही नीट सांगता येत नाही.

सगळ्यात आधी ओळखलं माझ्या सासूबाईंनी. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. एक दिवस माझ्या ताटाकडे पाहून माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "खाते तं पोरगी चिमनीएवढं. मंग फुगून कायले राहिली? हे खान्याचं नाही बापू. अंदर काहीतरी बिघडून राहिलं." त्या बोलल्या म्हणून नवऱ्याने दुसऱ्या आठवड्यात दुकान बंद ठेवलं आणि मला नागपूरला नेलं. आमचं बी-बियाण्याचं कृषी केंद्र आहे. हंगामात ते एक दिवसही बंद नसतं.

नागपूरच्या डॉक्टरांनी कागदावर दोन मूत्रपिंडं काढली आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक छोटी टोपी काढली. ही अधिवृक्क ग्रंथी, म्हणाले, ॲड्रिनल. माणूस आजारी पडला, घाबरला, उपाशी राहिला, तर त्याला उभं ठेवणारं रसायन ही बनवते. तुमच्या दोन्ही ग्रंथींत गाठी आहेत आणि त्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त बनवतात. दोन्ही काढाव्या लागतील.

"दोन्ही काढल्यावर मग उभं कोण ठेवेल?" मी विचारलं.

"गोळी," ते म्हणाले. "रोज, आयुष्यभर. ताप आला तर दुप्पट. उलट्या होऊन गोळी पोटात टिकली नाही तर इंजेक्शन, आणि तेही ताबडतोब. ते कायम पर्समध्ये ठेवायचं."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी एक मुलगा फॉर्मचा गठ्ठा घेऊन आला. मी एकामागून एक सह्या करत गेले. एक फॉर्म मराठीत होता, त्यात लिहिलं होतं की काढलेली ऊती संशोधनासाठी वापरायला माझी हरकत नाही. मला वाटलं, नाहीतरी फेकूनच देणार. प्रश्न पूर्ण न वाचता उत्तर लिहिणाऱ्या मुलांना मी वीस वर्षं रागावत आले आहे. तो फॉर्म मी पूर्ण वाचला नाही.

ऑपरेशननंतर तोंड हळूहळू पूर्वीसारखं झालं. शुगर गेली. राग गेला. त्याच्या जागी एक थकवा आला, तो मात्र अजून आहे. गावात अशी बातमी पसरली की मॅडमनी किडनी दिली. कोणाला दिली, यावर वेगवेगळी मतं होती. कोणी म्हणे भावाला, कोणी म्हणे नात्यातल्या कोणाला. एका पालकांनी तर शाळेत येऊन माझे पाय धरले. मी खूप समजावलं की किडनी नाही हो, किडनीच्या वरची. ते म्हणाले, "मोठ्या मनाचा मानूस असाच सांगते जी." ग्रंथी हा शब्द कोणालाच पुरत नव्हता. शेवटी मी सांगणं सोडून दिलं.

तर अशा माझ्या त्या ग्रंथी, आणि त्या जिवंत आहेत, असं फोनवर कळलं.

संध्याकाळी मी घरी सांगितलं. नवरा बियाण्याच्या पिशव्यांचा हिशेब सोडून ऐकू लागला. त्याला टिश्यू कल्चर हा शब्द माहीत होता. केळीची तशी रोपं त्याने दुकानात ठेवली होती. "म्हणजे केळीसारखं," तो म्हणाला. "एका कोंबापासून हजार रोपं. मंग तुझ्या हजार ग्रंथी करून राहिले का ते?"

"मला काय माहीत?"

"करून राहिले असतील तर एक परत लावून द्या म्हणावं. गोळीची कटकट मिटली."

मलाही दिवसभर हेच वाटत होतं, पण त्याच्या तोंडून ऐकल्यावर ते एकदम वेड्यासारखं वाटलं. बिघडलेल्या म्हणूनच तर काढल्या होत्या.

सासूबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी फक्त विचारलं, "ते लोक त्याले टोचतात, कापतात, तवा तुले दुखते का?"

"नाही, आई."

"नख न् केस कोनाच्या हाती देऊ नये म्हनतात. हे तं अंदरचं होय." मग सोललेला लसूण वाटीत टाकून म्हणाल्या, "आन् तू गेल्यावर? ते जित्तं राहिलं, तं पितराचं पानी कसं द्यायचं तुले पोरानं? अर्धी इथं, अर्धी तिथं."

मी हसले, पण ते हसणं खरं नव्हतं. दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या वेळी मुलं प्रार्थना म्हणत होती आणि मी हाच विचार करत होते.

महिन्याभराने आम्ही दोघं नागपूरला गेलो. डॉक्टरांची तपासणी झाल्यावर ती मुलगी आम्हाला न्यायला आली. फोनवर वाटली त्याहूनही ती लहान निघाली. मी पहिल्या वर्षी शिकवलेल्या मुली आता असतील, तेवढी ती होती, केस घट्ट बांधलेले आणि पायात निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. आम्हालाही तिने तशा पिशव्या घालायला लावल्या. नवऱ्याने त्या घालताना माझ्याकडे असं पाहिलं की लग्नात मुंडावळ्या बांधतानाही त्याने तसं पाहिलं नव्हतं.

आतल्या खोलीत एक कपाट होतं, फ्रिजएवढं, पण आतून ऊबदार. शरीराइतकी ऊब, ती म्हणाली. तिने त्यातून एक चपटी ताटली काढली. त्यात गुलाबी पाणी होतं आणि पाण्यात बारीक पांढरट कण. तांदळाची कणी चाळल्यावर चाळणीखाली जो चुरा पडतो, तेवढे.

"हे?" मी विचारलं.

"हे."

तिने ताटली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि मला पाहायला सांगितलं. आधी मला माझ्याच पापण्या दिसल्या. मग एक गोल काहीतरी दिसलं, कडेला उजळ, मध्ये गडद, दाण्यादाण्याचं. मी खूप वेळ पाहिलं. काहीतरी वाटेल अशी वाट पाहिली. माहेरचं घर दुसऱ्याने विकत घेतल्यावर मी एकदा त्यासमोरून गेले होते, तेव्हा पाय आपोआप फाटकाकडे वळले होते. इथे तसंही काही झालं नाही. ताटलीवर माझं नावही नव्हतं, अक्षरं आणि आकडे होते.

"यातलं माझं कोणतं आणि दुसऱ्याचं कोणतं, हे तुम्हाला कसं कळतं?"

"मला नावं माहीत नसतात," ती म्हणाली. "फक्त हा नंबर. तुम्हाला बोलवायचं ठरलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की हा नंबर तुम्ही. मी दीड वर्ष या नंबरसोबत काम करतेय."

ती मला पाहून जरा लाजली होती, असं मला वाटलं. मीही लाजले. दीड वर्ष ती मला खायला घालत होती आणि आमची ओळख नव्हती.

तिने सांगितलं ते मी जेवढं समजले तेवढं असं. गाठींच्या कडेला जो निरोगी भाग होता, त्याच्यातून हे कण वाढवले आहेत. दर दोन दिवसांनी ते गुलाबी पाणी बदलावं लागतं, तेच त्यांचं खाणं. मेंदूकडून ग्रंथीला जो निरोप जातो, तो रसायन म्हणून त्यांनी पाण्यात घातला की हे कण ते माणसाला उभं ठेवणारं द्रव्य सोडतात. थोडंसं, पण सोडतात. मात्र काही आठवड्यांनी दमतात आणि बंद पडतात. मग बर्फापेक्षा कितीतरी थंड जागी गोठवून ठेवलेल्या पेशींतून पुन्हा सुरू करायचं.

"सणासुदीला कोण पाहतं यांच्याकडे?" नवऱ्याने विचारलं. त्याला रोपवाटिकेची सवय.

"मीच येते. दिवाळीत घरी गेले नाही."

मग ती विनंतीवर आली. आता त्यांना माझं थोडं रक्त हवं होतं. रक्तातल्या पेशींना मागे नेऊन अगदी सुरुवातीच्या अवस्थेत आणायचं, आणि तिथून नव्या वाटेने चालवत ग्रंथी बनवायची. ती दमणार नाही अशी त्यांची आशा होती. त्यासाठी नवा फॉर्म होता. या वेळी तिने तो मला ओळ न् ओळ वाचून दाखवला.

"बनली तर ती मला लावाल?" मी विचारलं.

तिने फॉर्म खाली ठेवला. "आज नाही. किती वर्षांनी, तेही मला सांगता येणार नाही. कदाचित तुमच्या वेळेपर्यंत नाहीच होणार. खोटं सांगत नाही."

"मग माझंच रक्त कशाला?"

"कारण तुमची ग्रंथी कशी असते, हे आम्हाला थोडं माहीत झालंय. दोन्हींची तुलना करता येईल."

हे उत्तर बरोबर होतं. वर्गात कोणी असं उत्तर दिलं तर मी पूर्ण गुण दिले असते. पण मला त्याचं काय करावं, ते कळेना. मी म्हणाले, घरी विचार करून सांगते. ती म्हणाली, नक्की, घाई नाही. निघताना तिने हात जोडले, मीही जोडले, आणि मग उगाच तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

दुपारच्या गाडीने परत निघालो. सकाळपासून मी धड खाल्लं नव्हतं, आणि स्टेशनवर जे खाल्लं ते बाधलं. भंडारा रोड सुटल्यावर पहिली उलटी झाली. दुपारची गोळी घेतली, तीही बाहेर आली. तुमसरच्या आसपास माझे पाय थंड पडले. खिडकीतून धानाच्या बांध्या, बांध घातलेली शेतं, दिसत होती आणि ती लांब लांब जात होती, गाडीच्या वेगापेक्षा जास्त. समोरची बाई म्हणाली, "इनको लिटा दो भैया." कोणीतरी जागा केली.

नवऱ्याने माझ्या पर्समधून इंजेक्शन काढलं. त्याला ते शिकवलं होतं, संत्र्यावर टोचून सरावही केला होता, पण माणसाला त्याने कधी टोचलं नव्हतं. पावडरीत पाणी घालून त्याने बाटली हलवली. सुई दोनदा बाटलीच्या झाकणावरून घसरली. मी त्याला सांगत होते, "हवा काढा आधी. हवा काढा." तो म्हणाला, "तू बोलू नको." मग मांडीत टोचलं, साडीवरूनच.

गोंदियाला उतरून आम्ही स्टेशनजवळच्या एका दवाखान्यात गेलो. सलाइन लागलं. तासाभराने मला भूक लागली, तेव्हा कळलं की मी परत आले. नवरा स्टुलावर बसून माझ्या पायाचे तळवे चोळत होता. तो एवढंच म्हणाला, "नागपुरात ते पाण्यात पडून तेच बनवून राहिले. आन् तू इथं." मला त्याचा राग कोणावर होता हे समजलं नाही, त्यालाही समजलं नसावं.

पुढचे काही आठवडे आम्ही त्या विषयावर बोललो नाही. धानाचे रोवणे, म्हणजे लावणी, सुरू झाले, दुकानात गर्दी वाढली. एकदा पोळ्या लाटता लाटता मीच सासूबाईंना विचारलं, "आई, रक्त देऊ का मी त्यांना?"

"त्या पोरीनं खोटं सांगितलं का तुले?"

"नाही. म्हणाली, तुमच्या कामाचं नसेल कदाचित."

"मंग दे ना." त्यांनी तव्यावरची पोळी उलटली. "पितराच्या पान्याचं काय करायचं ते मी नागऱ्याच्या महादेवाले विचारीन."

त्यांनी खरंच विचारलं का, आणि काय उत्तर मिळालं, हे मी कधी विचारलं नाही.

पुढच्या तपासणीला मी फॉर्मवर सही केली. पूर्ण वाचला. तिसऱ्या पानावर एक ओळ होती की मी केव्हाही नाही म्हणू शकते. तिथे मी थांबले, आणि नाही म्हणायचं का याचा पुन्हा एकदा विचार केला. नाही म्हणायला काही कारण सापडलं नाही. हो म्हणायलाही धड सापडलं नव्हतं. त्या मुलीसाठी सही करतेय की माझ्यासारख्या कुठल्या न पाहिलेल्या बाईसाठी, की आपलं काहीतरी कुठेतरी नीट चालावं या हट्टापायी, हे मला सांगता येणार नाही. रक्त काढायला दोन मिनिटं लागली.

हिवाळ्यात तिचा मेसेज आला. मी तेव्हा केंद्रशाळेत बैठकीला बसले होते, समोर केंद्रप्रमुख ऑनलाइन माहिती भरण्याबद्दल बोलत होते. तिने लिहिलं होतं: "मॅडम, तुमच्या पेशी सुरुवातीच्या अवस्थेपर्यंत छान गेल्या. पण पुढे त्या ग्रंथीच्या वाटेने गेल्या नाहीत, दुसरंच काहीतरी व्हायला लागल्या. ही खेप थांबवली. पुन्हा सुरू करतेय. तुम्हाला कळवावंसं वाटलं."

दुसरंच काहीतरी म्हणजे काय, हे तिने लिहिलं नव्हतं. खेप थांबवली म्हणजे टाकून दिली असणार. मी तो मेसेज तीनदा वाचला. आधी मी "वाईट वाटलं" असं लिहिलं आणि खोडलं, कारण मला वाईट वाटलं की नाही याची खात्री नव्हती. मग "काही हरकत नाही" लिहिलं, तेही खोडलं. हरकत घेणारी मी कोण, आणि मी नाही तर दुसरं कोण? शेवटी मी तिला विचारलं, "तुम्ही जेवलात का?"

तिने लगेच उत्तर दिलं, "नाही, आता जाते."

केंद्रप्रमुखांनी माझ्या शाळेचं नाव घेतलं. मी फोन उलटा ठेवला आणि पटसंख्या सांगायला उभी राहिले.